खिळ्यालाही बीप, तांब्यालाही बीप: घरी बनवलेल्या मेटल डिटेक्टरचा धातूभेद बिघडला तर

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. सर्किट जोडले, आवाज आला, टेबलावर नाणे दहा-पंधरा सेंटिमीटरवरून सापडले. पण डिस्क्रिमिनेशनचा, म्हणजे नको तो धातू गप्प करण्याचा, नॉब कितीही फिरवला तरी खिळा गप्प बसत नाही. किंवा काल गप्प होता, आज बोलतो. किंवा घरात सगळे झकास आणि शेतात गेल्यावर प्रत्येक ढेकळाला बीप. मग चिपा बदलायचा सपाटा सुरू होतो. ऑपअॅम्प नवा, कंपॅरेटर नवा, सगळे सांधे पुन्हा सोल्डर, आणि दोष जिथल्या तिथे. धातूभेद हे फेजचे, म्हणजे सिग्नलच्या उशिराचे, मोजमाप आहे, आणि घरगुती डिटेक्टरात फेज सगळ्यात आधी बिघडते ती कॉइलमध्ये. म्हणून तपासणी कॉइलपासून सुरू करायची आणि चिपांकडे शेवटी यायचे.

खालचे आकडे एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणाऱ्या, डीडी कॉइलच्या (इंग्रजी डी आकाराच्या दोन कॉइल, एक ट्रान्समिटची, एक रिसीव्हची), दोन चॅनेलच्या (एक जमिनीसाठी, एक धातूभेदासाठी) सर्किटसाठी आहेत. हौशी मंडळींत टीजीएसएल नावाने फिरणारे सर्किट याच धाटणीचे. ट्रान्समिट कॉइल ६ मिलीहेन्री आणि तिच्यासोबत २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे दोघांचा रेझोनन्स (ज्या फ्रीक्वेन्सीला जोडी सर्वाधिक घुमते ती) १४.५ किलोहर्ट्झ. रिसीव्ह कॉइल ६.५ मिलीहेन्री आणि १५ नॅनोफॅरड, म्हणजे १६.१ किलोहर्ट्झ. तार ३३ गेजची, म्हणजे ०.२५ मिलिमीटरची इनॅमल तार. वीसेक सेंटिमीटरच्या कॉइलला १०० ते १२० वेढे लागतात आणि १०० ग्रॅमचे रीळ दोन्हींना पुरते. वेढे मोजून समाधान मानू नका, एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स मोजणाऱ्या मीटरवर) मिलीहेन्री बघूनच तार तोडा. तुमचे किट एकाच गोल कॉइलचे पल्स इंडक्शन किंवा बीएफओ (डिटेक्टरचे दुसरे, साधे प्रकार) असेल, तर पुढचे बरेचसे तुम्हाला लागू नाही. त्या जातीच्या स्वस्त किटांकडून लोखंड आणि तांबे वेगळे करण्याची अपेक्षाच ठेवू नये.

डिटेक्टर नेमके काय मोजतो

ट्रान्समिट कॉइलचे बदलते चुंबकीय क्षेत्र धातूत एडी करंट (गोल फिरणारा प्रवाह) निर्माण करते आणि त्या करंटचे क्षेत्र रिसीव्ह कॉइलमध्ये पोहोचते, थोडे उशिरा. हा उशीर म्हणजेच फेज. फेराइटच्या तुकड्यात एडी करंट जवळपास नसतो, फक्त चुंबकत्व असते. त्याचा सिग्नल मोजपट्टीच्या शून्य टोकाला धरा. जाड, उत्तम वाहक धातू, म्हणजे चांदी किंवा तांबे, १८० अंशांच्या दिशेने सरकतो. खिळा फेराइटच्या शेजारी बसतो. पातळ अॅल्युमिनियम फॉइल साधारण मधोमध, त्यापुढे क्युप्रोनिकेल, मग जाड अॅल्युमिनियम, पितळ, तांबे. १४.५ किलोहर्ट्झला एक पूर्ण आवर्तन ६९ मायक्रोसेकंदांचे असते, म्हणजे एक अंश ०.१९ मायक्रोसेकंदाचा. सर्किटमध्ये कुठेही दोन मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाले की दहा अंश गेले, आणि खिळा व फॉइल यांच्यातली भिंत कोसळायला तेवढे पुरेसे असते.

आणखी एक गोष्ट आधीच पक्की करून घ्यावी. डिटेक्टरला धातूचे नाव कळत नाही. वाहकता, जाडी आणि आकार यांचा मिळून जो कोन होतो तो कळतो. सोन्याची नाजूक अंगठी आणि सिगारेटच्या पाकिटातला फॉइल यांचा कोन सारखा आला तर तो सर्किटचा दोष नव्हे.

चाचणीची जागा आणि वस्तू

निम्मे ‘बिघाड’ इथेच मिटतात. स्लॅबच्या फरशीवर डिटेक्टर तपासू नका, खाली सळ्यांची जाळी आहे. कॉइल लाकडी टेबलावर, जमिनीपासून किमान मीटरभर उंच, आणि टेबलाला लोखंडी खिळे-ब्रॅकेट नाहीत हे पाहून ठेवा. प्लास्टिकची खुर्ची उत्तम. खोलीतले एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर, लॅपटॉपचा अॅडॉप्टर बंद करा. यांचा स्विचिंगचा कचरा नेमका याच पट्ट्यात येतो. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा.

वस्तूंचा संच एकदाच जमवा आणि डबीत ठेवा: जुन्या रेडिओच्या अँटेनातला फेराइट रॉडचा तुकडा, दोन इंची खिळा, दोन सेंटिमीटर चौरस फॉइल, तांब्याच्या जाड तारेची बंद कडी, आणि नाणी. नाण्यांच्या बाबतीत जरा सांभाळून. १९९२ नंतरचे एक रुपयाचे नाणे स्टेनलेस स्टीलचे आणि तेही चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचे आहे. ते टेबलावर ठेवून ‘माझा डिटेक्टर नाणे नाकारतो’ म्हणणारे बरेच भेटतात. डिटेक्टर बिचारा बरोबर असतो. संचात घालायला जुने क्युप्रोनिकेलचे नाणे घ्या, उदाहरणार्थ १९९० च्या दशकातले जाडजूड पाच रुपयांचे. त्याच्या जोडीला अॅल्युमिनियमचे षटकोनी वीस पैसे आणि हल्लीचे पिवळे पाच रुपये. प्रत्येक नाणे चुंबकाला लावून बघा आणि मगच डबीत टाका.

वस्तू कॉइलपासून १० सेंटिमीटरवर, हात लांब करून, अर्ध्या सेकंदात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलवा. हे मोशन सर्किट आहे, वस्तू स्थिर धरली तर गप्पच बसणार. आता डिस्कचा (डिस्क्रिमिनेशनचा) नॉब शून्यापासून हळूहळू चढवत न्या आणि कोणती वस्तू कुठे गप्प होते ते घड्याळाच्या आकड्यांत लिहून ठेवा: खिळा ९ वाजता, फॉइल ११ वाजता, असे. हा कागद पुढे प्रत्येक दुरुस्तीनंतर लागेल. तो नसेल तर आपण सुधारतो आहोत की बिघडवतो आहोत हेच कळत नाही.

क्रमच उलटा आला, म्हणजे तांबे आधी गप्प झाले आणि खिळा शेवटपर्यंत बोलत राहिला, तर रिसीव्ह कॉइलच्या दोन तारा अदलाबदल करा. फेज १८० अंशांनी उलटी आहे. दोन मिनिटांचे काम, आणि या एका कारणाने कित्येक चांगली बोर्डे अडगळीत गेलेली असतात.

नल

डीडी कॉइलमध्ये दोन्ही डी एकमेकींवर अशा चढवायच्या की ट्रान्समिटचे क्षेत्र रिसीव्हमध्ये जवळपास पूर्ण रद्द व्हावे. हाच नल. ट्रान्समिट कॉइलवर शिखर ते शिखर २० व्होल्ट असतील तर रिसीव्हवर २० मिलिव्होल्टच्या आत उतरायला हवे. १० च्या आत आले तर फारच छान. पूर्ण शून्य कधीच मिळत नाही आणि त्याची गरजही नाही.

मापताना एक सापळा आहे. साध्या मल्टिमीटरची एसी रेंज ५० हर्ट्झसाठी बनवलेली असते. १४.५ किलोहर्ट्झला तो काहीही दाखवतो आणि आपण त्या आकड्यावर विश्वास ठेवून कॉइल चिकटवून टाकतो. ऑसिलोस्कोप नसेल तर प्रीअॅम्पच्या (रिसीव्हचा सिग्नल आधी मोठा करणाऱ्या भागाच्या) आउटपुटला १एन४१४८ डायोड, १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १०० किलोओहम लावा, आणि तिथला डीसी व्होल्टेज मल्टिमीटरने बघा. आकडा नेमका व्होल्टचा नसेल, पण किमान साधारण कुठे येते ते दाखवतो.

नल बिघडला की काय होते? प्रीअॅम्पचा गेन १०० धरू. २० मिलिव्होल्टचे २ व्होल्ट झाले, काही अडचण नाही. नल सरकून ७० मिलिव्होल्ट झाला तर ७ व्होल्ट. टीएल०७२ ±५ व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे ±३.५ व्होल्टपर्यंतच जातो, म्हणजे शिखर ते शिखर ७ व्होल्ट. प्रीअॅम्प आधीच काठोकाठ भरला. खिळ्याच्या सिग्नलला जागाच उरली नाही, लहर वरून-खालून कापली जाते आणि कापलेल्या लहरीत फेजची माहिती टिकत नाही. दोन्ही चॅनेल एकदम ‘हो’ म्हणतात आणि सगळ्यालाच बीप. लक्षण ओळखायचे असे: लांबून खिळा गप्प, जवळ आणला की बोलतो, आणि कॉइलला बोटाने टिचकी मारली तरी बोलतो.

नल सरकण्याची कारणे यांत्रिक असतात. इपॉक्सी एकदम जाड थरात ओतली की ती तापते, आकुंचन पावते आणि कॉइल अर्धा मिलिमीटर हलते. तेवढे पुरते. म्हणून ट्रान्समिट कॉइल आधी पूर्ण पक्की करा. मग रिसीव्ह कॉइलची बाहेरची कड पक्की करा, एकमेकींवर येणारा मधला भाग मोकळा ठेवा. सर्किट चालू ठेवून मधला भाग सरकवत किमान शोधा, लाकडी पाचरी लावून अडकवा, आणि सावकाश घट्ट होणारी इपॉक्सी तीन-चार मिलिमीटरच्या थरांत भरा. प्रत्येक थर थंड झाल्यावर पुन्हा माप घ्या. जाणकार लोक ट्रान्समिट कॉइलच्या टोकाच्या तारेचा एक छोटा फास मध्यभागी मोकळा सोडतात. सगळे घट्ट झाल्यावर हा फास इकडून तिकडे वाकवला की उरलासुरला नल जुळतो, आणि मग त्यावर शेवटचा थेंब. हा फास ठेवला नसेल आणि कॉइल आधीच भरून झाली असेल, तर ट्रान्समिटच्या तारेला सिरीजमध्ये एक-दोन वेढ्यांची लहान कडी जोडून ती आवरणावर बाहेरून फिरवून बघा. दिसायला वेडेवाकडे, पण नवी कॉइल गुंडाळण्यापेक्षा स्वस्त.

कॉइलजवळचा बोल्ट नायलॉनचा आणि खालची दांडी पीव्हीसीची हवी. अॅल्युमिनियमची दांडी वापरायचीच असेल तर तिचे टोक कॉइलपासून ४० सेंटिमीटर तरी दूर ठेवा, आणि केबल दांडीला घट्ट गुंडाळा. लोंबणारी केबल म्हणजे प्रत्येक झोक्याला खोटी बीप.

शिल्डबद्दल थोडक्यात. ओल्या गवताला किंवा हात लावला की बीप येत असेल तर शिल्ड नाही, किंवा त्याची जमिनीची (ग्राउंडची) तार तुटली आहे. फॉइलचे शिल्ड असेल तर त्यात एके जागी एक सेंटिमीटरची फट हवीच. फट बुजली तर तो एका वेढ्याचा शॉर्ट होतो, इंडक्टन्स पडतो आणि फेज भलतीकडे जाते. ग्रॅफाइटची पूड लॅकरमध्ये कालवून लावलेले शिल्ड फॉइलपेक्षा बरे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हजारेक ओहम आले की झाले. फट तिथेही सोडायची.

रेझोनन्स आणि कपॅसिटर

‘सकाळी चालतो, दुपारी बिघडतो’ ही तक्रार असेल तर थेट इथे या.

रिसीव्ह कॉइल मुद्दाम १४.५ वर न जुळवता १६.१ किलोहर्ट्झवर जुळवलेली आहे. नवशिक्याला वाटते की दोन्ही एकाच फ्रीक्वेन्सीवर आणले तर सिग्नल वाढेल. वाढतो, हे खरे. पण हिशेब करून बघा. ६.५ मिलीहेन्रीची कॉइल, २५ ओहम रोध, म्हणजे क्यू (रेझोनन्स किती टोकदार आहे त्याचे माप) साधारण २६. १६.१ वर जुळवलेली असताना १४.५ ला तिचा फेज कोन ८० अंशांच्या आसपास असतो, आणि तिथे वक्र जवळजवळ सपाट झालेला असतो. कपॅसिटर एक टक्क्याने बदलला तर फेज अर्ध्या अंशाने हलते. कोणाला कळतही नाही. आता हीच कॉइल ट्रान्समिटपासून फक्त ३०० हर्ट्झवर आणून ठेवा. कोन ४४ अंशांवर येतो, वक्र तिथे उभा कडा असतो, आणि तोच एक टक्का सहा ते आठ अंश हलवतो. सिग्नल वाढवण्याच्या हौसेत धातूभेद असा उन्हात वितळतो.

एक टक्का कुठून येतो? पहिले कारण केबल. दीड मीटर शिल्डेड केबलची कपॅसिटी १५० पिकोफॅरडच्या घरात असते, म्हणजे १५ नॅनोफॅरडचा बरोबर एक टक्का. म्हणून जुळवणी केबल, प्लग आणि शिल्ड सगळे जोडूनच करायची. दुसरे आणि मोठे कारण म्हणजे कपॅसिटरची जात. दुकानात ‘१५३’ (म्हणजे १५ नॅनोफॅरड) मागितला की पुष्कळदा तपकिरी सिरॅमिक हातात पडतो. त्या एक्स७आर जातीला तापमानाच्या पूर्ण पट्ट्यात ±१५ टक्के बदलायची मुभा आहे, आणि त्याच्यावरच्या व्होल्टेजनेही तो बदलतो. हिरवा पॉलिएस्टर त्याहून बरा, पण रेझोनन्ससाठी नको. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन किंवा सी०जी सिरॅमिक घ्या, ट्रान्समिट आणि रिसीव्ह दोन्हीकडे. नेमके मूल्य मिळत नसेल तर १० आणि ४.७ समांतर लावून वर ३३० पिकोफॅरडची भर घाला. चाचणी अगदी साधी आहे: डिटेक्टर चालू ठेवून रेझोनन्सच्या कपॅसिटरवर दोन सेकंद हेअर ड्रायर धरा. डिस्कच्या कागदावरचे आकडे सरकले तर तोच गुन्हेगार.

रेझोनन्स मोजायला फंक्शन जनरेटर नसेल तर मोबाइलवरचे टोन जनरेटर अॅप चालते. हेडफोनच्या तारेतून १०० ओहम सिरीजमध्ये घालून दहा वेढ्यांची लहान कडी करा, ती रिसीव्ह कॉइलवर ठेवा, ट्रान्समिटर बंद ठेवा, आणि १४ ते १८ किलोहर्ट्झपर्यंत सरकत प्रीअॅम्पच्या आउटपुटवर डायोडवाल्या मापाने शिखर शोधा.

रेफरन्स फेज: नॉब फिरतो पण काही बदलत नाही

कॉइल स्वच्छ निघाली तरच इथे या. ऑसिलोस्कोपचा पहिला चॅनेल ट्रान्समिट कॉइलवर, दुसरा डिस्कच्या रेफरन्स कंपॅरेटरच्या (ज्या लहरीशी फेज ताडतात ती चौकोनी लहर देणाऱ्या भागाच्या) आउटपुटवर. नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना चौकोनी लहरीची कड ८ ते १० मायक्रोसेकंद तरी सरकली पाहिजे, म्हणजे ४० ते ५० अंश. अजिबात सरकत नसेल तर पॉटची (नॉबमागच्या बदलत्या रोधाची) मधली टांग सुटली आहे किंवा फेज बदलणारा कपॅसिटर शंभरपट चुकीचा पडला आहे. ‘१०२’ आणि ‘१०४’ यांची गफलत फार होते. सरकते पण सगळा बदल नॉबच्या शेवटच्या चतकोरात कोंबलेला असेल तर पॉट लॉग जातीचा आहे. त्यावर ‘ए’ छापलेले असेल. तिथे ‘बी’ लावा.

लहरच नसेल तर एलएम३९३ चा (कंपॅरेटर चिपचा) पुलअप रोध, म्हणजे आउटपुट वर ओढणारा रोध, बघा. या चिपचे आउटपुट ओपन कलेक्टर असते, पुलअप नसेल तर ते वर जातच नाही. पुलअप १० किलोओहमऐवजी १०० लावला असेल तर लहर येते पण चढती कड आळशी, तिरकी होते आणि त्या लहरीवर चालणारा सिग्नलचा स्विच उशिरा उघडतो. लहरीचा वरचा आणि खालचा भाग समान रुंदीचा आहे का तेही पाहा. ५०-५० ऐवजी ६०-४० असेल तर कंपॅरेटरच्या इनपुटला डीसी ऑफसेट आहे.

दोन चॅनेलची जुळणीही इथेच तपासावी. बीप तेव्हाच यायची जेव्हा ग्राउंड चॅनेल आणि डिस्क चॅनेल दोघे एकाच वेळी होकार देतात. दोन्हीकडच्या फिल्टरमधले कपॅसिटर वेगवेगळ्या सहनशीलतेचे असले की एकाचे शिखर आधी येते, दुसऱ्याचे मागाहून. ओळखण्याची खूण पक्की आहे: सावकाश झोक्यात खिळा गप्प, जोरात झोक्यात खिळ्याला तुटक बीप. दोन्ही चॅनेलच्या जोड्या मीटरवर मोजून दोन टक्क्यांच्या आत जुळवा. इथे पॉलिएस्टर चालतो, फक्त जोडी जुळली पाहिजे.

वीजपुरवठा

९ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी काढून टाका. स्पीकर वाजला की तिचा व्होल्टेज दबतो, ट्रान्समिटचा जोर बदलतो, ग्राउंड चॅनेलला ते हालचालीसारखे दिसते आणि एका खऱ्या बीपमागे दोन खोट्या येतात. आठ एए सेल किंवा तीन १८६५० सिरीजमध्ये, आणि ऑडिओची जमिनीची तार बॅटरीपर्यंत वेगळी. ऋण पुरवठ्यासाठी ७६६० चिप असेल तर तिच्या आउटपुटला १०० मायक्रोफॅरड आणि तिच्या स्वतःच्या फ्रीक्वेन्सीचा कचरा प्रीअॅम्पमध्ये शिरत नाही ना हे पाहणे, एवढे पुरे.

टेबलावर पास, जमिनीत नापास

महाराष्ट्रात हा दोष जास्त दिसतो आणि त्याचे कारण पायाखाली आहे. राज्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला. या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असते, त्याची झीज होऊन झालेल्या मातीतही असते. कोकणातला जांभा वेगळा, पण लोहाची ऑक्साइडे त्यातही भरपूर. परदेशातल्या वाळूमिश्रित जमिनीवर जुळवलेले सर्किट जसेच्या तसे उतरवून इथे चालवले तर ते गोंधळणारच. एक चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून मातीतून फिरवा. काळ्या बारीक कणांची दाढी लागली तर तुमचा डिटेक्टर जमिनीशीच झगडतो आहे.

ग्राउंड बॅलन्सचा (जमिनीचा सिग्नल रद्द करणाऱ्या जुळणीचा) पाया घरातच घाला. फेराइटचा तुकडा कॉइलसमोर हलवत ग्राउंड चॅनेलचे आउटपुट बघा. ग्राउंडचा पॉट फिरवत एका जागी ते शून्य होईल आणि त्यापलीकडे चिन्ह उलटेल. ही जागा पॉटच्या मध्याजवळ हवी, आणि दोन्ही बाजूंना काही अंशांची मोकळीक हवी, कारण खऱ्या जमिनीचा कोन शुद्ध फेराइटपासून थोडा सरकलेला असतो. शून्य पॉटच्या टोकाला येत असेल तर सिरीजमधला रोध बदला. इथे दहा वेढ्यांचा पॉट लावणे परवडते. एकाच वेढ्याच्या पॉटवर केसाएवढा स्पर्श म्हणजे दोन अंश.

शेतात धातू नसलेली जागा शोधा, आणि कॉइल जमिनीपासून ५ ते ३० सेंटिमीटर वर-खाली करत पॉट जुळवा. खाली जाताना आवाज वाढतो की वर येताना, यावरून कोणत्या बाजूला फिरवायचे ते ठरते. दोन्हीकडे जेमतेम कुजबुज उरली की थांबा. पन्नास-शंभर पावलांनी किंवा मातीचा रंग बदलला की पुन्हा. बेसॉल्टचा सुटा गोटा अचानक बीप देतो, कारण आजूबाजूच्या मातीपेक्षा त्याचा कोन वेगळा असतो. कॉइल पाच सेंटिमीटर वर उचलून पुन्हा फिरवली की गोट्याचा आवाज झपाट्याने मरतो, नाण्याचा तग धरतो. जमीन फारच जड असेल तर गेन कमी करा. खोली कमी होते असे वाटते, प्रत्यक्षात प्रीअॅम्प भरणे थांबल्याने धातूभेद परत येतो.

खोलवरच्या वस्तूत मातीचा सिग्नल मिसळतो आणि तांब्याचाही कोन लोखंडाकडे ओढला जातो. म्हणून टेबलावर खिळा ज्या आकड्याला गप्प झाला तिथेच नॉब ठेवा, त्याच्यापुढे चढवू नका. डिस्क जास्त ठेवून ‘जमिनीत काहीच सापडत नाही’ ही पुढची तक्रार ओढवून घेतली जाते.

समुद्रकिनारा हे निराळे प्रकरण. खाऱ्या ओल्या वाळूचा कोन फेराइटजवळ नसून फॉइलच्या आसपास असतो. एका फ्रीक्वेन्सीच्या सर्किटला काळी वाळू आणि खारे पाणी दोन्ही एकदम रद्द करता येत नाहीत. कोरड्या वाळूत वापरा, ओल्यात फॉइलपर्यंत डिस्क चढवा आणि नाजूक सोने हातचे जाईल हे मान्य करा.

चाचणीसाठी स्वतःचे शेत किंवा परवानगी घेतलेली जागाच वापरा. गडकिल्ले आणि संरक्षित स्मारकांच्या आवारात डिटेक्टर नेऊन खणणे हा गुन्हा आहे, आणि १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

जे दुरुस्त होत नाही

सगळे जुळल्यावरही काही वस्तू फसवतात. लोखंडाचा वॉशर, गंजलेले बाटलीचे बूच, पत्र्याचा तुकडा, स्टीलचा रुपया: या चपट्या वस्तू कॉइलसमोर आडव्या आल्या की एडी करंट जोर धरतो आणि त्या तांब्यासारख्या भासतात. उभ्या धरल्या की चुंबकत्व वरचढ होते आणि त्या गप्प होतात. टेबलावर हे करून पाहा: वॉशर आडवा धरून बीप, उभा धरून शांतता आली तर सर्किट ठणठणीत आहे.

शेतात अशी शंका आली तर आधी डावी-उजवी झोक्याची दिशा बदलून ९० अंशांत फिरवा. गोल नाणे दोन्ही दिशांना सारखेच बोलते. लांबट किंवा वाकडे लोखंड एका दिशेला तुटते. मग कॉइलचा पुढचा काठ वस्तूवर ठेवून सावकाश मागे ओढा. बुचाचा आवाज काठापाशी चिरकतो, नाण्याचा एकदम थांबतो. तरीही संशय राहिला तर डिस्क खिळ्याच्या आकड्यापासून फॉइलच्या आकड्यापर्यंत हळूहळू चढवा: बूच बहुधा मध्येच कुठेतरी अडखळू लागते. अडखळले नाही तर खणून बघायचे.